पहिला मासा पाण्याचा

भीमराव बसचे ड्रायव्हर होते. तरुणपणापासून सुट्टीच्या दिवशी ते विश्रांतवाडीच्या पलीकडच्या खाणीच्या तळ्यावर मासे धरायला जायचे; निवृत्त झाल्यावर त्यांनी ते तळं धरलं ते धरलंच. बांबूची काठी, मोरपिसाच्या देठाचा, मासा लागला की बुडणारा तरंग आणि आमिषाला हिंग घालून मळलेला कणकेचा गोळा, एवढा त्यांचा संसार. खरा संसार शालन बघायची. "जन्मभर लोकांना थांब्यावर ताटकळत ठेवलंत," ती म्हणायची, "आता मासे तुम्हाला ठेवतात. फेडा!"

नियमही तिचाच. लग्नानंतर ती हौसेनं तळ्यावर आली होती आणि पहिलाच मासा तडफडताना बघून तिचे डोळे भरून आले. खायला मात्र बाई पुढे. चिलापीचं कालवण करावं तर तिनंच. मग तिनं मधला मार्ग काढला. पहिला मासा पाण्याचा, दुसऱ्यापासून घरचे.

"ह्याला शास्त्र काय?" भीमरावांनी विचारलं होतं.

"शास्त्र नाही, बायको आहे."

तेव्हापासून त्यांनी पहिला मासा कधी घरी आणला नाही.

या वर्षी शालनच्या पोटातलं दुखणं हाताबाहेर गेलं. डॉक्टरांनी घरी पाठवलं आणि मागतील ते द्या म्हणाले. ती मागेच ना. पेजेचा चमचाही परत यायचा. एका सकाळी मात्र ती आपणहून म्हणाली, "चिलापी खावीशी वाटतेय."

आईच्या आजारपणासाठी सासरहून आलेली मुलगी मैत्री चपला घालून बाजाराला निघालीसुद्धा. "बर्फातली नको गं," शालन म्हणाली. "तळ्यातली. थोडा चिखलाचा वास असलेली."

भीमरावांनी घाईघाईनं कणीक मळली. तिनं गोळा नाकाशी धरला. "हिंग कमी पडलाय," म्हणाली. त्यांना इतकं बरं वाटलं की हिंगाचा डबा गोळ्यावर जवळजवळ उपडाच झाला.

तळ्यावर दिवसभर काही लागलं नाही. ऊन चढलं, उतरलं. धानोरीचे हिंदुराव शेजारी गळ टाकून बसले होते, तेही कंटाळले. भीमरावांनी आयुष्यात कुणापुढे हात पसरले नव्हते. त्या दिवशी ते पाण्याला मनातल्या मनात विनवत होते.

उन्हं कलली आणि तरंग बुडाला. तळहाताएवढी, चांगली जाड चिलापी. त्यांनी हलक्या हातानं गळ काढला, पाण्यात उतरले, वाकले, दोन्ही हात पाण्यात बुडवले आणि ओंजळ उघडली.

"अवो, सोडली काय!" हिंदुराव ओरडले. "तुमची मालकीण आजारी हाय ना?"

तेव्हा कुठे भीमरावांना कळलं आपण काय केलं ते. इतक्या वर्षांची सवय, हातांनी डोक्याला विचारलंच नाही. ते गुडघाभर पाण्यात तसेच उभे राहिले. मग पुन्हा गळ टाकला. अंधारात तरंग दिसेनासा होईपर्यंत बसले, पण तो हलला नाही.

घरी शालन जागीच होती. "मिळाली?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. जमलं नाही. "एक लागली होती. पहिली."

"मग?"

"सोडली. हात आपोआप... शालन, माझ्या लक्षातच आलं नाही गं."

ती बघतच राहिली आणि मग हसली. महिन्याभरात हसली नव्हती. हसताना कळ आली तरी थांबेना. "उभ्या जन्मात माझं एक ऐकलं नाहीत," ती म्हणाली, "आणि ऐकलंत तेही आजच."

भीमराव तिच्या उशाशी बसून लहान मुलासारखे रडले. तिनं त्यांचा हात हुंगला. "चिखलाचा वास येतोय," म्हणाली आणि तो हात गालाखाली घेऊन झोपली. पुन्हा तिनं खाण्याचं नाव काढलं नाही. त्याच आठवड्यात ती गेली.

भीमराव अजून तळ्यावर जातात. कणकेत हिंग जरा जास्तच घालतात. परवा त्यांना एकामागून एक चार चिलापी लागल्या आणि चारही त्यांनी सोडून दिल्या. हिंदुरावांना राहवलं नाही. "अवो, पहिली सोडायची म्हणता ना? ही तर चौथी."

"दुसऱ्यापासून घरची असते," भीमराव काठी आवरत म्हणाले. "घरी कोण आहे?"