रोल चालू असताना

कासमभाई सेटवर आले की पंखे आपोआप बंद व्हायचे. आपोआप कसले, कुणीतरी धावत जाऊन बंद करायचं. पाठोपाठ फ्रीज, पाण्याची मोटर, शेजारच्या घरातला मिक्सर आणि शेवटी माणसं. आमचं साठ जणांचं युनिट, एरवी नुसता गलका. पण मेंदीने दाढी रंगवलेला हा बुटका, अनवाणी माणूस दारातून आत आला की सगळ्यांच्या जिभा टाळ्याला चिकटायच्या. ते ओरडायचे नाहीत. ओरडणाऱ्याची माणसाला सवय होते, मग कुणी भीक घालत नाही. कासमभाई फक्त विचारायचे, "आवाज कुणाचा?" आणि ज्याचा असेल तो आपणहून बाहेर जाऊन उभा राहायचा.

आमची मालिका रोजची होती, एका कोळी घराण्यातल्या तीन सुनांची. घरातले सीन रेवदंड्याजवळच्या एका भाड्याच्या घरात व्हायचे आणि समुद्राचे सीन हरिहरेश्वरच्या बाजूला, कातळांवर. कासमभाई साउंड रेकॉर्डिस्ट. मी कंटिन्युइटीला, म्हणजे मागच्या वेळी सुनेचा पदर कुठल्या खांद्यावर होता, गजरा ताजा होता की कोमेजलेला, सूर्य कुठे होता, हे सगळं वहीत लिहून ठेवणारी. मी मूळची तळा गावची. रायगडातली असले तरी समुद्र मला सहलीपुरताच ठाऊक. पण तोरा असा, की माझ्या वहीत नाही ते जगात नाही!

पहिल्याच दिवशी माझ्या हातात आईने घातलेल्या दोन काचेच्या बांगड्या होत्या. टेक चालू होता. मध्येच कासमभाईंनी कानावरचे हेडफोन खाली केले, उठले आणि थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले. सगळं युनिट बघत होतं. "बाय, तुझ्या मनगटात काय तरी वाजतंय," ते हळूच म्हणाले. मी बांगड्या तिथल्या तिथे ओढून काढल्या. एक फुटली, मनगट कापलं. त्यांनी खिशातून रुमाल काढून माझ्या हाताला बांधला आणि जागेवर जाऊन बसले. "डोळे मिटता येतात, कान न्हाय मिटता येत," असं एवढंच बोलले. मी त्या दिवसापासून पैंजण, बांगड्या, करकरणारी चप्पल, सगळं सोडलं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण बसली ती धास्तीच.

आमच्यात त्यांच्या धाकाचे किस्से चघळले जायचे. लाइटवाला बबन टेकच्या मध्ये तापलेल्या दिव्याला हात लावून बसला. हात भाजत होता, कातडी सोलली, पण पठ्ठ्याने कट होईपर्यंत हूं की चूं केलं नाही. कट झाल्यावर बादलीत हात बुडवून बोंबलला. आम्ही किती दिवस हसत होतो! "कासमभाईंसमोर मेलास तरी हळूच मर हो," असं आम्ही त्याला चिडवायचो. आता तो विनोद आठवला की माझ्या अंगावर काटा येतो.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी धीर करून विचारलं, "भाई, तुम्हाला शांततेचं एवढं वेड कशामुळे?" त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. बायकोने केलेली घावणं आणि कोलंबीचं सुकं. मग सांगू लागले. ते श्रीवर्धनकडचे. लहानपणी त्यांच्या गावातले अर्धेअधिक पुरुष आखातात. फोन कुणाकडे नाही, बायकांना लिहिता येत नाही. मग चाचाने तिकडून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर बायका आपल्या नवऱ्यांशी बोलायच्या आणि ती कॅसेट जाणाऱ्या माणसाच्या हाती धाडायच्या. बटण दाबायचं काम छोट्या कासमचं. "एक बाई बोलायला लागली की मी सगळ्या घराला गप करायचो. पोरं, म्हातारी, कोंबडी, सगळ्यांना. वर्षातून एकदा तिची बात तिकडे जाणार, त्यात दुसरा आवाज कशाला?" मग ते म्हणाले, "नंतर एक माणूस परत आला, तो मला म्हणला, माझ्या पोराचं रडणं पण येऊ द्यायचं होतंस रे. मी तेवढंच ऐकायला तरसलो होतो." ते हसले नाहीत.

त्यांना न घाबरणारी एकच व्यक्ती मी पाहिली. रेवदंड्याला आमच्या घरामागे एक कोळीण बोंबील वाळत घालायची आणि घालता घालता सुनेला, कावळ्यांना, नशिबाला खणखणीत शिव्या घालायची. कासमभाई स्वतः हात जोडून गेले. "मावशी, दोन मिनिटं गप बसाल काय?" मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अरं दाढीवाल्या, तुजा शिनेमा तुज्या घरान कर! मना गप बसवाला माजा घोव पन आला नाय कदी!" आम्ही तोंडावर हात दाबून हसलो. कासमभाई मान खाली घालून परत आले आणि तो सीन त्यांनी दुपारी, ती जेवायला गेल्यावर घेतला.

समुद्राला मात्र ते भ्यायचे. दर्याकाठी जन्मलेला माणूस, पण पाण्याकडे पाठ करून कधी बसला नाही. खुर्ची कुठेही ठेवा, ते ती फिरवून घ्यायचे. मी एकदा थट्टा केली तर म्हणाले, "हसू नको बाय. तो येताना आवाज करत न्हाय. आवाज करतो ती लाट. पाणी गुपचूप येतं." मी ते ऐकलं आणि विसरले. वहीत लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवसाचं सांगते. मधल्या सुनेचा सीन होता: नवऱ्याची होडी परतलेली नाही आणि ती कातळाच्या टोकावर बसून वाट पाहते. अर्धा सीन आधीच झाला होता, मग नायिकेला ताप भरला आणि आम्ही बारा दिवसांनी परत हरिहरेश्वरला आलो. तोवर आमची बँक संपली होती. बँक म्हणजे आधी शूट करून ठेवलेले एपिसोड. हा सीन दुसऱ्याच दिवशी टीव्हीवर जायचा होता. दिग्दर्शकाने मला विचारलं, "मागच्या वेळी किती वाजता घेतला होता?" मी वही उघडली. चार वीस. ऊन कुठून होतं, सावली किती, केसांची बट कुठे, सगळं लिहिलेलं. पाणी कुठे होतं तेही लिहिलं होतं, "बरंच लांब." भरती-ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते, बारा दिवसांनी त्याच घटकेला ओहोटीऐवजी भरती चढत असू शकते, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. माझ्या डोक्यात ते आलंच नाही. मी उजेड जुळवला, पाणी नाही. आणि कुणीही तपासलं नाही, कारण कंटिन्युइटीची वही म्हणजे आमच्याकडे ब्रह्मवाक्य.

आम्ही पोचलो तेव्हा कातळ कोरडाच होता. नायिका टोकावर बसली. वाऱ्याने तिचा पदर उडत होता, म्हणून तिच्या मागच्या घळीत मी खाली उतरून बसले, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी, पदराचं टोक हातात धरून. कॅमेरा लांब किनाऱ्यावर, बबन रिफ्लेक्टर धरून माझ्या वरच्या कातळावर. कासमभाई बाजूच्या उंच खडकावर, अर्थात समुद्राकडे तोंड करून; पण घळ त्यांच्या नजरेआड होती. नायिकेच्या ब्लाउजमध्ये त्यांचा छोटा माइक. चार मिनिटांचा एकच टेक, मध्ये तोडायचा नाही, असं ठरलं होतं. "रोल साउंड," म्हणजे रेकॉर्डिंग चालू कर, अशी हाक आली. "रोलिंग," कासमभाई म्हणाले. आणि सगळं जग गप्प झालं.

आधी तळवे ओले झाले. मग घोटे. मी पाय उचलायला गेले तर उजवा पाय दोन दगडांच्या फटीत अडकलेला. ओढला, निघेना; उभी राहिले तर कॅमेऱ्यात दिसणार. घळ अरुंद आणि मी खाली बसलेली, त्यामुळे लाटेसरशी आत घुसणारं पाणी बघता बघता कमरेला आलं. वर नायिका रडत होती, सुंदर रडत होती, आणि तिच्या प्रत्येक हुंदक्यानंतरची शांतता मला माझ्या वहीतल्यासारखी पाठ होती. एक हाक मारली असती तर संपलं असतं. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: रोल चालू आहे. देवाशप्पथ सांगते, बुडण्याची भीती होती, खूप होती, पण "आवाज कुणाचा?" या दोन शब्दांची भीती तिच्याहून मोठी निघाली. पाणी छातीला लागलं. मी पदर सोडला नाही आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं. एक लाट आली, डोक्यावरून गेली. नाकातोंडात खारं पाणी. ठसकाही मी आतल्या आत गिळला.

"कट!"

तो आवाज कुणाचा ते मला कळलंच नाही, कारण तो आम्ही कधी ऐकला नव्हता. कट म्हणण्याचा अधिकार दिग्दर्शकाचा. साउंडवाल्याने कट म्हणणं म्हणजे आमच्या धंद्यात कहर. कासमभाई ओरडत ओरडत खडकावरून उतरले, हेडफोन गळ्यात, वायर तुटलेली, मशीन मागे दगडावर आपटलेलं. समुद्राला भिणारा तो माणूस छातीभर पाण्यात उतरला, बुडी मारली आणि माझा पाय दोन्ही हातांनी सोडवू लागला. एकदा वर आले, श्वास घेतला, पुन्हा खाली गेले. त्यांची नखं उलटली ते मी नंतर पाहिलं. तोवर बबन आणि आणखी चौघे आले आणि आम्हा दोघांना ओढून वर काढलं.

किनाऱ्यावर मी ओकत होते. कुणी टॉवेल देत होतं, कुणी देवाचं नाव घेत होतं. कासमभाई थेट बबनकडे गेले. त्यांनी बबनला विचारलं, "तू वर होतास. तुला दिसलं न्हाय?"

बबन खाली बघत म्हणाला, "दिसलं होतं, भाई. पण रोल चालू होता."

मग ते माझ्याकडे वळले. "आणि तू? तू का न्हाय ओरडली, बाय?"

मीही तेच सांगितलं. "तुमचा रोल चालू होता."

त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. कुणी कानफटात मारावी तसा झाला. ते रात्री जेवले नाहीत. मशीन आणि वायर कशीबशी जोडून लॉजच्या व्हरांड्यात तोच टेक पुन्हा पुन्हा ऐकत होते. मी बाहेर आले तर हेडफोन काढून म्हणाले, "इथून तुझा श्वास बदलतो. मला तो ऐकू येत होता. मला वाटलं, दर्याचा आवाज हाय. तो थांबला तेव्हा कळलं. इथून माझ्या ओरडण्यापर्यंत एक मिनिट दहा सेकंद." त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "एवढा वेळ तू माझ्यासाठी गप बुडत होतीस. या अल्लाह, काय शिकवलं मी तुम्हाला?"

कासमभाईंनी ती मालिका पूर्ण केली आणि काम सोडलं. सगळ्यांनी विनवण्या केल्या, ते ऐकेनात. पुढे दोन वर्षांनी ते गेले. झोपेतच, असं त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं. मी तळ्याहून मातीला गेले, दाराशी बायकांत बसले. खूप रडले. माझी भीती मात्र अजून गेलेली नाही. नळाखाली बादली भरत आली की मी धावत जाऊन नळ बंद करते, आणि सेटवर कुणी "रोल" म्हटलं की आधी पाय मोकळे आहेत ना ते बघते. पण मला कासमभाई आठवतात ते त्या प्रसंगानंतरच्या सकाळचे.

पहिल्या टेकआधी त्यांनी सगळ्या युनिटला वाळूवर उभं केलं. हातात दुरुस्त केलेलं मशीन, दहाही बोटांना पट्ट्या. म्हणाले, "आता रोल होणार. रोल चालू असताना एकेकाने ओरडायचं. जेवढा दम हाय तेवढा." लोक हसले. दिग्दर्शक घड्याळ बघत होता. बबन पहिला ओरडला, चाचरतच. "ह्याला ओरडणं म्हणतात?" कासमभाई म्हणाले. "परत." मग एकेक जण ओरडला: मेकअपवाली, ड्रायव्हर, नायिका, शेवटी दिग्दर्शकसुद्धा. कावळे उडाले. देवळाकडून येणारी माणसं थांबून बघायला लागली.

माझी पाळी आली. मी तोंड उघडलं. काही येईना. पुन्हा उघडलं. घशात तेच खारं पाणी, तोंडावर माझाच हात. पायाखालची वाळू कोरडी होती तरी मी पाय उचलून बघितला. "नको भाई," मी कुजबुजले.

ते दोन पावलं पुढे आले. माइक माझ्या तोंडासमोर धरला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना समुद्राकडे पाठ करून उभं राहिलेलं पाहिलं.

"रोल चालू हाय, बाय," ते म्हणाले. "मी ऐकतोय. ओरड."

मी ओरडले. आईच्या नावाने ओरडले, मग नुसतीच ओरडत राहिले, रडत, थुंकत, घसा फाटेपर्यंत. हेडफोनमध्ये कान दुखत असणार त्यांचे. त्यांनी ते काढले नाहीत, आणि कटही म्हटलं नाही.