हिला गाडी लागते

आमच्या ह्यांना सगळे काचवाले म्हणतात. दुकानांच्या दर्शनी काचा, खिडक्या, आरसे यांतच ह्यांचं आयुष्य गेलं, पण माणूस काही आरपार दिसणारा नाही. पोटात काय चाललंय ते ओठावर येऊ देणार नाहीत. काच कापताना त्यांना बघावं. पट्टी लावायची, कटर एकदाच ओढायचा, खालून हलकेच ठोकायचं आणि टेबलाच्या कडेवर टक्‌कन दोन तुकडे. एकदा ओढलेल्या रेघेवर कटर पुन्हा फिरवायचा नाही, फिरवला की काच वाटेल तशी तडकते. बोलण्यातही त्यांचं तेच. एकदा म्हणाले की म्हणाले.

ह्यांची एक पांढरी व्हॅन होती आणि एक बायको होती. व्हॅन आधी सांगितली, कारण तेही त्याच क्रमानं सांगायचे.

व्हॅनला घराशेजारी पत्र्याची शेड होती. मला काय होतं? मी पडदे शिवते, दुकानांचे, सभागृहांचे, छतापासून जमिनीपर्यंतचे. असा पडदा पसरायला मैदान लागतं, आणि मी तो पसरायचे आमच्या पलंगावर. मशीन जिन्याखाली, डोकं वर केलं की पायरी टाळक्यात. आणि ती व्हॅन शेडमध्ये ऐसपैस, पुसलेली, ऊन नाही की धूळ नाही. मला तिचा हेवा वाटायचा. हेवा कसला, चांगला जळफळाट व्हायचा. चालता चालता तिच्यात कुठे बारीक खुट्ट झालं तरी ह्यांचे कान टवकारायचे. माझा गुडघा जिना चढताना असा वाजतो की शेजारीण दार उघडून बघते, पण तो ह्यांना कधी ऐकू आला नाही.

मोठी काच एकट्यानं उचलता येत नाही, म्हणून कामावर मी सोबत असायचे. हे एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, मध्ये काच. आणि मला गाडी लागायची. लांबचा चढ आला की गोडसर, करपल्यासारखा वास नाकात शिरायचा आणि पोटात ढवळायला लागायचं. “अहो, थांबा,” म्हटलं की हे कपाळाला आठ्या घालून गाडी कडेला घ्यायचे. मी उतरून बाटलीतलं पाणी तोंडावर मारायचे. तेवढ्यात रिकामं कशाला उभं राहायचं म्हणून हे बॉनेट उघडायचे, फडक्यानं रेडिएटरचं झाकण सैल करायचे आणि उरलेलं पाणी तिला पाजायचे. मी इकडे ओकायच्या बेतात, आणि नवरा तिकडे गाडीला पाणी पाजतोय!

नातेवाइकांत मी चेष्टेचा विषय झाले होते. कुठे निघालो की धाकटे दीर हमखास म्हणायचे, “वहिनींची पिशवी घेतली ना?” हे हसायचे आणि सांगायचे, “हिला गाडी लागते. गाडीचं बघा, आजवर रस्त्यात दगा दिला नाही.” गाडी भक्कम आणि मी नाजूक, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ होतं.

मग ह्यांचा खांदा गेला. डॉक्टरांनी सांगून टाकलं, मोठी काच उचलायची नाही. एका सकाळी चहा पिताना म्हणाले, “गाडी विकतो. शेड तू घे.” एवढंच. पण ते एकदा ओढलेल्या रेघेसारखं होतं, म्हणून मी त्याच दुपारी सुताराकडे जाऊन पडदे कापायचं लांबलचक टेबल सांगून आले.

गाडी घ्यायला आली ती लाँड्रीवाली. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल पोचवायला तिला गाडी हवी होती. माझ्याहून वयानं कमी, गोल चेहऱ्याची, बाह्या कोपरापर्यंत सरसावलेल्या, आणि हसली की सगळी हसायची. मला वहिनी म्हणाली. म्हणजे हिशेबानं ह्यांना भाऊ म्हणायला हवं होतं. पण ह्यांना ती काचवालेच म्हणायची, आणि ते “वाले” असं काही लांबवायची की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिचा नवरा कुठे असतो ते मी विचारलं नाही. नसला तर काय करायचं होतं मला?

“रस्त्यात बंद पडत नाही ना हो?” तिनं विचारलं.

“आजवर एकदाही थांबली नाही,” हे छाती पुढे काढून म्हणाले. “हा गरमीचा काटा बघा. मधोमध. इतक्या वर्षांत इकडचा तिकडे झाला नाही.”

माझा भाऊ कोर्टाबाहेर बसून लोकांची कागदपत्रं लिहून देतो. त्यानं कागद केला, गाडी आहे तशी विकली, आहे तशी घेतली. दोघांनी सह्या केल्या, आणि हे शेडच्या दारात बराच वेळ उभे राहिले. मी मात्र त्याच दिवशी शेड धुऊन काढली.

टेबल यायच्या आत गाडीच बंद पडली. पाण्याच्या टाकीकडच्या चढावर वाफ, धूर, आणि इंजिन ठप्प. ओढून गॅरेजमध्ये न्यावी लागली. गॅरेजवाला म्हणाला, हेड गॅस्केट उडालंय, इंजिन तापवून तापवून चालवलंय. वर तिलाच झापलं, “बाई, पाणी बघत नाही का?”

ती आमच्याकडे आली. भांडायला आली असती तर मी पदर खोचून तयार होते. पण ती भांडली नाही. दारातच उभी राहिली आणि म्हणाली, “काचवाले, कागद मी वाचला नव्हता. मी तुमच्या बोलण्यावर गाडी घेतली.”

ती गेल्यावर, रात्री जेवायला आलेल्या भावानं ह्यांना समजावलं. “भाऊजी, तुम्ही काही डीलर नाही. घरची गाडी घरगुती विकली. माहीत असलेला दोष लपवला असता तर तुमच्यावर आलं असतं. तुम्ही काही लपवलं नाहीत. आता तिचं ती बघेल.”

ह्यांनी ताटातला घास संपवला, हात धुतले आणि म्हणाले, “दोष माझ्याकडे असतानाचा निघाला तर गाडी मी परत घेणार. नंतरचा असेल तर तिचा.”

गाडी परत म्हणजे शेड परत. सुतार टेबल घेऊन येणार आणि ते ठेवायचं कुठे, पलंगावर?

तेव्हापासून हे रोज संध्याकाळी गॅरेजवर जायला लागले. तीही असायची. एकदा मी मुद्दाम डबा द्यायच्या निमित्तानं गेले, तर दोघं बॉनेटमध्ये डोकं घालून उभी. ती सांगत होती आणि हे जिवाचा कान करून ऐकत होते. “आधी कसा आवाज आला? खरखर की टकटक? नीट आठवून सांगा.” इतक्या वर्षांत मला कुणी काही नीट आठवून सांगायला सांगितलं नव्हतं. मी डबा टपावर आदळला आणि आले.

आणि मग तो शर्ट. एका संध्याकाळी हे घरी आले ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून. जाताना त्याच शर्टाला सुरकुत्या होत्या, त्या मी या डोळ्यांनी बघितल्या होत्या.

“हा शर्ट असा कसा?”

“ग्रीस लागलं होतं. तिनं धुऊन, इस्त्री करून दिला.”

“आणि तोवर तुम्ही?”

“बनियनवर बसलो होतो,” हे म्हणाले, जणू बाकावर बसलो होतो म्हणावं.

तो शर्ट मी दुसऱ्याच दिवशी बादलीत बुडवला आणि असा पिळला की त्याचं एक बटण उडालं. उडालेलं मी शिवलंही नाही.

गाडी दुरुस्त झाली. त्याच चढावर चालवून बघायचं ठरलं. “मी पण येते,” मी म्हणाले. लाँड्रीवाली आधीच स्टिअरिंगवर बसली होती. “अहो वहिनी, पण तुम्हाला गाडी लागते ना?” म्हणजे हेही सांगून झालं होतं! माझ्या घरातलं आणखी काय काय तिथे इस्त्रीच्या टेबलावर पोचलं होतं, देव जाणे. मी ह्यांना खिडकीशी सरकायला लावलं आणि दोघांच्या मध्ये जाऊन बसले. जागा अपुरी होती. पण मी हलणार नव्हते.

गाडी छान चालली होती. मला तेच हवं होतं. एकदा ही चढ चढली की विषय संपला, बाई तिच्या घरी, शेड माझी. अर्धा चढ झाला आणि तो वास आला. तोच, गोडसर, करपट. पोटात ढवळलं. मी दात घट्ट आवळले. ओकेन, पण या बाईसमोर नाजूक ठरणार नाही, असं मी ठरवलं होतं. पण जिभेला सवय. “अहो, थांबा,” तोंडातून निघून गेलं.

तिनं गाडी कडेला घेतली. मी उतरले, पाणी तोंडावर मारलं. आणि ह्यांनी सवयीनं बॉनेट उघडलं. फडक्यानं झाकण सैल केलं मात्र, वाफेचा असा लोट आला की हे दोन पावलं मागे सरले. सकाळी गॅरेजमध्ये काठोकाठ भरलेलं पाणी तळाला गेलं होतं. थंड असताना ठणठणीत दिसणारा पाइप तापल्यावर सांध्याशी घामेजल्यासारखा पाझरत होता.

“पण काटा तर मधोमध आहे,” लाँड्रीवाली आतून म्हणाली.

ह्यांनी हात घालून चावी काढून घेतली. इंजिन कधीच बंद होतं, आता सगळंच बंद झालं. चावी काढली की काटा खाली पडायला हवा, पण तो मधोमधच. हे त्याच्याकडे बघत राहिले. मग काचेवर टिचकी मारली. काटा ढिम्म. कुणास ठाऊक किती वर्षांपूर्वी तो तिथे मेला होता.

हे माझ्याकडे वळले. चेहरा उतरला होता. “तुला दर वेळी हाच वास यायचा?”

लाँड्रीवाली बघत होती. मला सगळं कळत होतं, मी काही खुळी नाही. “नाही हो, आजचा वेगळाय” एवढं म्हटलं असतं की दोष नंतरचा ठरला असता. गाडी तिच्या गळ्यात, शेड माझ्या पदरात. शब्द जिभेवर आलेही होते. पण मग ती भक्कम आणि मी नाजूक, हे कायमचं राहिलं असतं. पत्र्याच्या त्या ठोकळ्यासमोर मी आणखी एकदा हार मानायची? मला ते सोसवेना. चांगुलपणानं मी खरं बोलले असं कुणाला वाटायला नको. निव्वळ मत्सरानं बोलले.

“दर वेळी हाच,” मी म्हणाले. “बसमध्ये मला काही होत नाही. दुसऱ्या कुणाच्या गाडीत होत नाही. तुमच्याच गाडीत होतं, आणि तेही चढावर.”

“कधी बोलली नाहीस.”

“थांबा म्हणायचे की. कशाला थांबा, ते तुम्ही कधी विचारलंत?”

लाँड्रीवालीच आधी हसली. “म्हणजे गाडीचा खरा काटा वहिनी होत्या! काचवाले, तुम्ही मला गाडी विकलीत आणि काटा घरी ठेवलात.” मला हसू आलं. तिच्याबरोबर हसायचं माझ्या अजिबात मनात नव्हतं, तरी आलं.

हे मात्र हसले नाहीत. “मला माहीत नव्हतं हे खरं,” ते तिला म्हणाले. “पण माहीत नसताना मी छातीठोक सांगितलं. गाडी मी परत घेतो. गॅरेजचं बिलही माझं.”

“आणि कागद?” मीच विचारलं. शेड डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

“कागद तुझ्या भावाचा. बोललो मी होतो.”

इंजिन निवल्यावर पाणी भरून आम्ही तिला लाँड्रीवर सोडलं. पुढे आम्ही दोघंच. मी वाट बघत होते. इतकी वर्षं ज्या कौतुकानं माझा जळफळाट व्हायचा, ते कौतुक माझं होतं. मी थांबा म्हणायचे म्हणून तिला पाणी मिळायचं, रस्त्यात दगा दिला नव्हता तो मी. हे ह्यांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, ऐकायचं होतं. हे समोर बघून गाडी हाकत राहिले. मी मनातल्या मनात जिन्याखाली मशीन परत सरकवत होते.

घर आलं. शेडचं दार मी उघडं ठेवून गेले होते. धुतलेली फरशी बाहेरून दिसत होती. ह्यांनी वेग कमी केला, दारापुढून गाडी पुढे नेली आणि भिंतीच्या कडेला, उघड्यावर, रणरणत्या उन्हात उभी केली. तिला त्यांनी आजवर कधी असं उभं केलं नव्हतं.

“रंग उडेल तिचा,” मी म्हणाले.

“उडू दे. तुझं टेबल कधी येतंय?”

मी खाली उतरून तडक शेडमध्ये गेले आणि आतून वळून बघितलं, हे मागे वळून तिच्याकडे बघतात का. बघितलं त्यांनी. एकदाच बघितलं, पण बघितलं.