काट्याचा की खटक्याचा

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा वडिलांची बदली इथे झाली आणि सरकारी जीप चालवत ते इथेच रिटायर झाले. नंतर लिलावात निघालेली एक जुनी पेट्रोल मोटार आम्ही घेतली. साल दुष्काळाचं. प्यायलाच पाणी टँकरचं, तिथे रेडिएटरला गोडं पाणी कुठून आणणार? मी आपला बोअरचं खारट पाणी ओतत राहिलो. आत क्षार साचले आणि नांदेडला जाताना अहमदपूरच्या पुढे इंजिन उकळून हेडचं गॅस्केट गेलं. चूक सरळ माझी होती. त्यामुळे वडील म्हणाले की इंजिन घरीच उतरवू, तेव्हा मी निमूटपणे बाह्या वर केल्या.

हेड म्हणजे इंजिनाचं झाकण. त्याखाली सांधा बंद करणारी पातळ चकती असते, ती गॅस्केट. हेड पुन्हा बसवताना त्याचे नट नेमक्या जोराने आवळावे लागतात. कमी आवळले तर गॅस्केट पुन्हा जातं, जास्त आवळले तर नट ज्यावर बसतो तो स्टड तुटतो. मोटारीच्या पुस्तकात आकडा दिला होता साडेपाच, म्हणजे एक मीटर लांब दांड्यावर साडेपाच किलोचा जोर. वडिलांनी असा आकडा कधी पाहिला नव्हता. ते हाताच्या अंदाजाने आवळायचे आणि तो अंदाज अख्ख्या लातुरात चालायचा. जीपवाले, टँकरवाले घरी येऊन म्हणायचे, अण्णा, तेवढा हात लावा. नोकरी संपल्यावर त्यांच्याकडे मान म्हणून तेवढाच उरला होता, आणि तो ते जिवापाड जपायचे. पण मी एकदा तोंडघशी पडलो होतो. मी टॉर्क पाना घ्यायचं ठरवलं. किती जोर लागला ते हा पाना सांगतो.

पाने दोन मिळाले. एक लातूरच्या भंगारवाल्याकडचा, काट्याचा. दांडा ओढला की काटा पट्टीवर सरकतो. दुसरा नांदेडच्या दुकानातला, नवा, खटक्याचा. त्यात आकडा लावून ठेवायचा, तेवढा जोर झाला की आत खट्ट वाजतं. दोघांनीही पसंतीच्या बोलीवर दिले. एक ठेवायचा, एक परत करायचा.

वडिलांनी त्या पान्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आपल्या जुन्या पान्याने त्यांनी सगळे नट आवळले, हात पुसले आणि मला म्हणाले, आता लाव तुझं खेळणं. मी काट्याचा लावला. काटा चारच्या जरा पुढे गेला आणि नट फिरायलाच लागला. म्हणजे तो चारवरच आवळलेला होता. वडील म्हणाले, भंगारातला पाना, खोटाच असणार. मग खटक्याचा साडेपाचवर लावला. खट्ट व्हायच्या आधी नट पाव फेरा फिरला. वडिलांनी तोही खोटा ठरवला. पुढचा अर्धा तास आम्ही दोघं एकमेकांवर भडकलेलो होतो.

शेवटी मला शाळेतलं तरफेचं गणित आठवलं. पान्याचं तोंड वाइसच्या जबड्यात आवळून दांडा आडवा धरायचा आणि अर्ध्या मीटरवर अकरा किलो टांगायचे, की झाले बरोबर साडेपाच. अकरा किलोसाठी मी पाणी सुचवलं, कारण ते थोडं थोडं वाढवता येतं. वडिलांनी जन्मभर पहारीने गाड्या उचलल्या होत्या, त्यांना तरफ समजवावी लागली नाही. ते लगेच तयार झाले. त्यांची खात्री होती की पाणी त्यांच्याच बाजूने बोलणार.

बोअरही तोवर आटलं होतं आणि माय मात्र टँकरच्या पाण्याच्या ड्रमला हात लावू देईना. थेंबही सांडणार नाही असं तीनदा कबूल केलं, तेव्हा तिने झाकण काढलं आणि राखण करत शेजारी उभी राहिली. बादली टांगली. वडील स्वतः तांब्याने पाणी ओतू लागले. ती भरत आली तसा त्यांचा हात सावकाश झाला. मग खट्ट झालं. किराणावाल्याच्या तराजूवर बादली पाण्यासकट अकरा किलो भरली. तीच बादली काट्याच्या पान्याला लावली, काटा साडेपाचवर जाऊन थांबला.

दोन्ही पाने खरे होते. मला आधी आनंद झाला आणि वडिलांचं तोंड पाहिलं तेव्हा त्या आनंदाची लाज वाटली. मी म्हणालो, तुमचा जुना पाना आखूड आहे, आज ऊनही फार आहे. ते बाजेवर बसून उजव्या हाताची मूठ मिटत होते, उघडत होते.

"उगं समजूत काढू नगं," ते म्हणाले. "हात कमी पडायलाय."

मला वाटलं, आता ते कुणाशी बोलणार नाहीत, नटांना हात लावणार नाहीत. पण ते बोटांवर काहीतरी मोजत होते. या वर्षात ज्यांची ज्यांची हेडं त्यांनी आवळली होती त्या गाड्या. चार निघाल्या. त्यांत एक पाण्याचा टँकर होता आणि एक शाळेची पोरं नेणारी जीप. कोणता पाना ठेवू, असं मी विचारलं. मला स्वतःला काट्याचा पसंत होता, स्वस्तही होता.

"खटक्याचा ठेव. जवळ उभारलेल्या मालकाला बी ऐकू येतंय."

आमची मोटार तशीच सोडून आम्ही सायकलवर आधी जीपवाल्याकडे गेलो. वडिलांनी दारातच सांगितलं की त्यांनी स्वतः आवळलेले नट ढिले आहेत, पुन्हा आवळायचेत. जीपवाला हसला.

"अण्णा, तुमचा हात हाय. त्यात काय बघायचं?"

"हातच खोटा निघालाय," वडील म्हणाले आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

पहिल्याच नटाला खटका यायच्या आधी पाना पाव फेरा फिरला. जीपवाला तेव्हा चहा सांगायला आत गेला होता. वडिलांनी त्याला हाक मारून परत बोलावलं आणि दुसरा नट त्याच्या समोर आवळला.