खाज कुणाची, आकडा कुणाचा

घाटकोपरच्या भटवाडीत राहणाऱ्या अनुपमा तोंडवळकरला एक्झिमा, म्हणजे खाजऱ्या चट्ट्यांचा त्वचारोग, लहानपणापासूनच होता. कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्यामागे, मानेवर. लग्नानंतर तो वाढला, आणि घरात त्याच्याशी वैर धरलं ते तिच्या नवऱ्याने. सुबोध लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता, पहाटेच निघायचा. बायको झोपेत खाजवते त्या आवाजाने आपली झोप मोडते, हे तो पाहुण्यांसमोरही सांगायचा. झोपेत हात कुठे जातो ते मला कळत नाही, असं ती म्हणायची. सगळं कळतं, मुद्दाम करतेस, असं तो.

आधी त्याने तिला नखं मुळापर्यंत कापायला लावली. मग हातमोजे आणले. एकदा भांडण विकोपाला गेलं, तेव्हा तिच्या हातात मोजे चढवून त्याने मनगटांवर सुतळी बांधली. ती गाठ तिने दातांनी सोडवली आणि आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. त्यानंतर दोघं कामापुरतंच बोलत.

ती साडीच्या दुकानात काउंटरवर होती. तिचे लाल, सोललेले हात बघून एका गिऱ्हाईक बाईने हातातला साडीचा पदर तसाच टाकला. मालक श्यामसुंदरशेठने अनुपमाला मागच्या गोदामात घड्या घालायला बसवलं. हे दुसऱ्याला लागत नाही, असं तिने त्याला सांगितलं. मला ठाऊक आहे, पण गिऱ्हाइकाला कोण सांगत बसणार, असं म्हणून तो फोनवर बोलायला लागला. गोदामात पंखा नव्हता. घाम आला की खाज आणखी भडकायची, आणि ती शेठला मनातल्या मनात शिव्या घालत घड्या घालायची.

शेवटी ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. सुबोध हट्टाने बरोबर आला. कालपासूनची सगळ्यात वाईट खाज शून्य ते दहामध्ये किती, असं डॉक्टरांनी विचारलं. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही.

"दोन-तीन असेल," सुबोध म्हणाला. "बाकी सगळी सवय आहे."

"नऊ," अनुपमा म्हणाली.

डॉक्टरांनी नऊ लिहिलं. सुबोधचं डोकं फिरलं. तिने तोंडाला येईल ते सांगायचं आणि तुम्ही लिहून घ्यायचं, याला मोजणं म्हणतात का, असं त्याने विचारलं. डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. खाज रक्ताच्या तपासणीत सापडत नाही, चट्टा एवढासा असला तरी ती जीव नकोसा करू शकते, म्हणून जिला होते तिचाच आकडा धरायचा, असं त्यांनी सांगितलं. झोपेतलं खाजवणं मात्र मोजता येतं. त्यासाठी त्यांनी हाताच्या हालचाली टिपणारा, घड्याळासारखा एक पट्टा आठवडाभर झोपताना घालायला दिला.

आठवड्याने दोघं परत गेली, तेव्हा पट्ट्यात दिसलं ते असं, की ती रात्रभर थांबून थांबून खाजवत होती आणि त्यातलं बरंचसं तिला आठवतही नव्हतं. यात मुद्दाम काही नाही, असं डॉक्टर सुबोधकडे बघून म्हणाल्या. यंत्रात काहीही येतं, एवढंच पुटपुटून तो रिक्षा बघायला खाली उतरला. चुकलं, असा शब्द त्याने तेव्हाही काढला नाही आणि नंतरही नाही.

मलमं झाली, मग इंजेक्शनं सुरू झाली. काही महिन्यांत आकडा चारवर आला. अनुपमाने मुलुंडच्या एका दुकानात काउंटरचं काम मिळवलं. शेठने तिला थांबवलं नाही, आणि तिनेही निघताना त्याच्याकडे पाहिलं नाही.

सुबोधने एका रविवारी तिचं अंथरूण स्वतःच उचललं.

"आता खाज गेली ना, मग आत ये."

"गेली नाही, कमी झालीय," ती म्हणाली. "आणि ते खाली ठेव."

शेजारी काय म्हणतील, यावर तो बराच वेळ तणतणला. तिने अंथरूण त्याच्या हातातून ओढून घेतलं. पुढच्या तपासणीच्या दिवशी तो शर्ट घालून दारात उभा राहिला, तेव्हा तुझं तिथे काही काम नाही, असं सांगून ती एकटीच निघाली.