शेषरावांची चौथी दाढ

"काढून टाका," खुर्चीत टेकता टेकता शेषराव म्हणाले. "वरची, डावीकडची. दोन अगोदरच काढल्या तिकडं दुसऱ्या दवाखान्यात. ही तिसरी."

"आधी बघू तर द्या," मी म्हणाले.

"त्यात पाहाचं काय जी? दुखून राहिली म्हणून तं आलो."

पांढुर्ण्यात दातांचा दवाखाना चालवायचा म्हणजे हे रोजचंच. हॉटेलात भजी मागवावीत तशी लोक दाढ काढायची ऑर्डर देतात. माझं डोकं अशा वेळी चटकन तापतं. तोंड उघडा म्हटलं, तर त्यांनी तोंडाआधी कपाळ पुढे केलं. तिथे जुनी खोक होती.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते. नदीच्या दोन काठांवरून दोन गावं एकमेकांवर दगड फेकतात. शेषराव तिथले जुने गडी, आता संत्र्याचे बागायतदार. "हा गोटा लागला तवा मले मालूमच नाही पडलं. मांगच्यानं सांगतलं का रक्त वाहून राहिलं. अशा माणसाले तुम्ही दुखणं शिकवता?"

"अन घरी आल्यावर?" मागे उभ्या असलेल्या कांताबाई, त्यांच्या सौभाग्यवती, म्हणाल्या. "रातभर 'आई वं, आई वं' कोण करत होतं?"

मी आरशाच्या दांडीनं दाढ ठोकली. काही नाही. बर्फासारखा गार बोळा लावला. काही नाही. एक्स-रे काढला. दाढ इतकी ठणठणीत की कुणालाही हेवा वाटावा. बोळा बाहेर काढताना तो त्यांच्या मिशीच्या टोकाला जरासा लागला, आणि गोटमारीचा गडी खुर्चीतून उडाला. मुठी आवळलेल्या, डोळ्यांत पाणी. थोड्या वेळात सगळं शांत.

"हेच ते नाटक," कांताबाई म्हणाल्या. "पंख्याचा वारा लागला तं वरडतात. अन स्वतः मुठीनं गाल दाबून बसतात तवा काही होत नाही! वस्तरा लावू देत नाहीत म्हणून ही दाढी. लोकाइले सांगतात, नवस आहे."

मी अंगठ्यानं तोच गाल चांगला दाबला. शेषराव निवांत. हळूच फुंकर मारली. पुन्हा उडाले. कांताबाईंना जे नाटक वाटत होतं, तेच माझ्यासाठी उत्तर होतं.

चेहऱ्यावरून मेंदूकडे एक मोठी नस जाते. तिच्यात स्पर्शाच्या तारा वेगळ्या आणि दुखण्याच्या वेगळ्या. मेंदूत शिरते तिथे कधी कधी एखादी रक्तवाहिनी तिला घासत राहते आणि तारांवरचं आवरण झिजतं. मग हळू स्पर्शाचा निरोप दुखण्याच्या तारेत शिरतो. मेंदू बिचारा आलेला निरोप वाचतो आणि म्हणतो, दाढ दुखते आहे. दाबलं की निरोप दुसऱ्या तारांतून जातो, म्हणून बहुतेक वेळा कळ येत नाही.

शेषरावांना मी शेतातलं उदाहरण देऊन सांगितलं. "तुमच्या विहिरीवरच्या वायरी सोलल्या गेल्या, आणि लाइटचं बटन दाबलं की मोटर सुरू व्हायला लागली. आता मोटर उपटून काय फायदा?"

"मंग गोटा काऊन नाही दुखला?"

"कारण तेव्हा मेंदू लढाईत होता. त्यानं दुखण्याचा निरोप दाराबाहेर बसवून ठेवला. घरी गेल्यावर आत घेतला. यात तुमची मर्दानगी कमी, मेंदूचा कारभार जास्त."

हे त्यांना आवडलं नाही. तरी माझी चिठ्ठी घेऊन नागपूरला गेले. तिथल्या मेंदूच्या डॉक्टरांनी एमआरआय काढला, तेच निदान केलं, काही तपासण्या केल्या आणि गोळी लिहून दिली. हळूहळू वाढवायची, मनानं बंद करायची नाही. आठवडाभरात शेषराव भाकर खाऊ लागले. मला वाटलं, सुटले.

कसलं काय! मेडिकलवाल्यानं पुढचं पाकीट देताना सहज म्हटलं, "ही तं मिरगीची गोळी आहे जी."

झालं! ही गोळी फिट येणाऱ्यांनाही देतात हे खरं. नसेतला गोंधळ ती शांत करते, मग नस कुठलीही असो. पण शेषरावांच्या धाकट्या मुलीचं, वर्षाचं, लग्न सौंसरला ठरलेलं. मुलीच्या बापाला मिरगी आहे असं सौंसरला कळलं तर सोयरीक मोडेल, या भीतीनं त्यांनी गोळ्या संत्र्याच्या बागेत पुरल्या. झाडांना मिरगी होती की काय देव जाणे.

ऐन साखरपुड्याच्या सुमाराला दुखणं परत आलं. शेषराव दुसऱ्या दवाखान्यात गेले आणि तिसरी दाढ काढून घेतली. आमच्या धंद्यातही लोक आहेतच, गिऱ्हाईक म्हणेल ते उपटून देणारे.

लग्न तोंडावर आलं तेव्हा दोघं पुन्हा माझ्यासमोर. शेषराव वाळले होते. बोललं की कळ यायची, म्हणून त्यांनी मोबाईलवर लिहून दाखवलं: चौथी काढा.

"यांच्या तोंडात आता किती ठेवाच्या, मॅडम?" कांताबाई म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. "इकडं हे उपाशी, अन तिकडं सौंसरचे इवाई आठ दिवसांपासून फोन उचलून नाही राहिले. लेकीनं जेवण सोडलं."

माझा पारा चढला. "शेषराव, दगडाला भ्याला नाहीत, आणि मिरगीच्या नुसत्या नावाला भ्यालात? चांगली दाढ मी काढणार नाही. मुलीच्या लग्नात पेज पिऊन बसायचं असेल तर खुशाल दुसरीकडे जा."

शेषरावांनी मान खाली घातली. कांताबाईंनी पदरानं डोळे पुसले, पर्समधून फोन काढला आणि पुन्हा लावला. या वेळी उचलला गेला. त्यांनी स्पीकर चालू केला. शेषराव हातानं नको नको करत होते.

"इवाईबुवा, मी कांता बोलून राहिली. आमच्या यांच्या तोंडाची नस बिघडली आहे. मिरगी नाही, पण गोळी तीच लागते. लगन कराचं का नाही, ते आताच सांगा."

शेषरावांनी डोळे मिटले.

"एवढंच?" व्याही म्हणाले. "बाप्पा! साक्षगंधात मी गुलाल लावाले गेलो तं त्याईनं तोंड फिरवलं. हसले नाहीत, बोलले नाहीत, वरून ते दाढी. आमाले वाटलं पोरगा पसंत नाही, जबरदस्तीनं देऊन राहिले. म्हणून थांबलो होतो जी. उद्या 'नाही' म्हणून सांगाले येणार होतो."

कांताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ती नजर कुठल्याही गोट्यापेक्षा वाईट होती, आणि या खेपेला शेषरावांना ती लागलेली तत्काळ कळली.

नागपूरच्या डॉक्टरांना मी तिथूनच फोन केला आणि गोळी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. लग्नाला मी गेले होते. शेषरावांची दाढी उतरलेली, गाल बसलेले. व्याही गुलालाचं ताट घेऊन समोर आले आणि बिचकले. "लावू का जी?"

"लावा. दाबून लावा."

त्यांनी दोन्ही गाल लालभडक केले. शेषराव हसले, तेव्हा डावीकडचं भगदाड सगळ्या मांडवाला दिसलं.

परवा ते त्या तीन दाढांच्या जागी नवे दात बसवायचं विचारायला आले होते. हाडात स्क्रू बसवावा लागतो, आधी सुई देऊन जागा बधिर करते, असं मी सांगितलं. त्यांनी दाराकडे पाहून घेतलं. कांताबाई बाहेर होत्या.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "सुई दुखन का जी?"