चुन्याच्या रेघेवरचा चेंडू

आमच्या क्लबातल्या विजेत्यांच्या पाटीवर माझं नाव एकदाच आहे, आणि ते खोटं आहे. हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

क्लब रत्नागिरीतला, इंग्रज कलेक्टरांच्या काळचा. तेव्हा साहेबलोक टेनिस खेळायचे, आता आम्ही खेळतो: वकील, डॉक्टर, बँकवाले, दोनचार आंबा बागायतदार. कोर्ट जांभ्याच्या भुकटीचं. दुपार कलली की पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या. साहेबांच्या वेळेपासूनचा एक रिवाज अजून पाळतो, पंच ठेवत नाही. चेंडू ज्याच्या बाजूला पडला त्याचा शब्द शेवटचा. जाळीपलीकडे जाऊन खूण बघणं म्हणजे समोरच्याला खोटारडा म्हणण्यासारखं.

मला टेनिस शिकवलं ते ट्रेझरीतल्या एका काकांनी. बावीस वर्षांपूर्वी एकेरीच्या फायनलला आम्हीच समोरासमोर आलो. गुडघ्यांमुळे त्यांचं ते एकेरीचं शेवटचं वर्ष, आणि पाटीवर त्यांचं नाव एकदाही लागलेलं नव्हतं. तिसऱ्या सेटला त्यांचा मॅच पॉइंट होता. त्यांनी मारलेला चेंडू माझ्या मागच्या रेघेपाशी पडला आणि मी हात वर केला. आउट. मग खाली बघितलं. चुना उडाला होता, अर्धी खूण सरळ रेघेवर होती. म्हणजे चेंडू आत, सामना त्यांचा. हात खाली घेता आला असता. मी बुटाने माती सारखी केली.

का केलं? नाव लागावं म्हणून. दुसरं कारण नाही.

व्हरांड्यातून कोणीतरी कुरकुरलं. तर काकाच तिकडे वळून म्हणाले, "त्याच्या बाजूचा चेंडू, त्याने सांगितलं, विषय संपला." आणि पुढे ते हरले.

त्यानंतर माझी झोप वगैरे उडाली असं काही नाही. दिवस चांगले गेले, अजून जातायत. काका आता पंचाहत्तरीत आहेत. रोज रिक्षाने येतात, व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसतात. मी डबल्सचे दोन सेट खेळून शेजारी टेकतो. ते माझ्या बॅकहँडची सालटी काढतात, बाजारात बांगडा ताजा होता की बर्फातला ते सांगतात. समुद्रावरून वारा येतो, चहा येतो, कधी कांदाभजी. याहून जास्त मला काही लागत नाही.

गेल्या महिन्यात पाटी रंगवायला काढली. खाऱ्या हवेने अक्षरं गेली होती. पेंटरला नावांची यादी हवी होती, आणि अक्षर म्हटलं की आमच्याकडे काकाच. दोन संध्याकाळी ते मांडीवर पुठ्ठा घेऊन यादी लिहीत होते. माझ्या नावाशी आले तेव्हा मी शेजारीच होतो.

"आडनाव नीट बघ रे मेल्या. नाहीतर तुझा कप भलताच कोणी घेऊन जायचा."

मी म्हटलं, बरोबर आहे.

"माझं नाव नाही लागलं, पण अक्षराचं वळण माझं लागणार. पेंटरला सांगून ठेवलंय." आणि हसले, अगदी मनापासून.

तेव्हा सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि विचारलं, काका, चहा सांगू का?

पाटी आता पुन्हा भिंतीवर लागली आहे. छान दिसते. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

हे इथे लिहिलं म्हणजे त्यांना सांगितलं असं होत नाही. त्या दिवशी त्यांनी सगळ्या व्हरांड्यादेखत माझी बाजू घेतली होती. तो सामना त्यांनी जिंकला होता, हे मी तसंच सगळ्यांदेखत, त्यांच्या समोर उभं राहून सांगायला हवं. एवढं त्यांचं देणं माझ्याकडे बाकी आहे.