लोकरीची जळू

सेनगाव-हिंगोली जीप चालवणाऱ्या आम्हा मंडळींचा निम्मा जन्म सीट भरायची वाट बघण्यात जातो. बाकीचे ड्रायव्हर तोवर मोबाइल बघतात, तंबाखू मळतात. मी जळवा बांधतो. खोट्या. मांडीत पक्कड, पक्कडीत गळ, त्यावर काळा दोरा गुंडाळून मागं लोकरीची शेपटी सोडायची. खऱ्या जळवेनंही एकदा वळून बघावं अशी माझ्या हातची जळू असते. या रस्त्यावर इतकी चांगली कुणी बांधत नाही. दुसरं कुणी बांधतच नाही, ही गोष्ट वेगळी.

हे खूळ बायकोमुळं लागलं. आधी मीही सगळ्यांसारखा गळाला जिवंत बेडूक टोचून मरळ धरायचो. एकदा ती तळ्यावर माझा डबा घेऊन आली, तेव्हा टोचलेला बेडूक पाय झाडत होता. डबा ठेवून ती परत गेली. संध्याकाळी झणझणीत रस्सा केला, मरळीचं डोकं नेहमीसारखं माझ्या ताटात वाढलं आणि स्वतः लोणचं-भाकरी घेऊन बसली.

“काहून?” मी विचारलं.

“तुमी खा. मला ते पाय दिसून राहिले.”

मग दर वेळी तेच. भांडली असती तर मी पुरून उरलो असतो. पण समोर बसून मुकाट्यानं भाकरी चावणाऱ्या बाईपुढं कुणाचं काय चालतं? मला एकट्याला तो रस्सा गोड लागेना. तिला पुन्हा मरळ खायला लावायची, आणि तीही जिवंत काही न टोचता, असं मी मनाशी पक्कं केलं. मरळ चिरली की तिच्या पोटात कधी कधी जळवा निघायच्या. म्हणून जळू.

पहिली म्हशीच्या शेपटीच्या केसांची केली. पाण्यात ती बुरशासारखी ताठ राहिली. दुसरी ट्यूबच्या रबराची. ती बघून स्टँडवरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, “माशाचं पंक्चर काढून राहिला का बाप्पा?” सगळी जीप हसली. मी घरी येऊन तणतण केली, ती बायकोनं भाकऱ्या थापता थापता ऐकून घेतली. दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत काळ्या लोकरीचा गुंडा निघाला. पोळ्याला ती बैलांचे गोंडे करते, त्यातला उरलेला.

लोकरीनं काम केलं. गळाच्या वरच्या टोकाला शिशाची तार गुंडाळायची, लोकर बांधायची आणि जुन्या टूथब्रशनं पिंजायची. दोरी ओढली की ती जळू वर येते, थांबलं की डोकं खाली घालून लवलवत बुडते. पहिल्यांदा पाण्यात सोडली तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला.

त्याच रविवारी मरळ लागली, चांगली हातभर. मी ती जबड्यातल्या गळासकट घरी नेली. बायकोनं तोंड उघडून लोकर बघितली आणि किती दिवसांनी हसली. मरळीला राख लावून, विळी घेऊन बसली. पोट चिरलं, तर आतून अख्खा बेडूक घसरून बाहेर आला. पाय लांब केलेला.

“ह्यो माझा न्हाई!” मी ओरडलो. “तुझी शप्पथ!”

ती त्याच्याकडं बघत राहिली. सगळं मुसळ केरात गेलं, असं मला वाटलं.

“वरडू नका,” ती म्हणाली. “हिनं भुकेपोटी गिळला. तुमाला कोणती भूक होती टोचायची?”

हे मला लागलं. तिनं बेडूक पानावर घेतला, कढीपत्त्याच्या बुडाशी पुरला, हात धुतले आणि मसाला वाटायला घेतला.

रात्री दोन ताटं वाढली. दोन्हींत रस्सा होता. मला इतकं बरं वाटलं की मरळीचं डोकं तिच्या ताटात गेलेलं आधी लक्षातच आलं नाही. आलं तेव्हा मी तिच्या ताटाकडं बोट केलं.

“लोकर कोनाची?” तिनं विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता डोळ्याजवळचा मऊ तुकडा काढून तोंडात टाकला.